समुद्राकाठी बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

प्रश्न : गोव्यातील फोंड्याहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांचे वय ३३, यजमानांचे ३७. यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात आणि त्या स्वतः घरी बसून काही दुकानदारांचे हिशेब सांभाळतात. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. सासूबाई सोबत राहतात. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर पेडणे तालुक्यात मांद्रे येथे यजमानांचे वडिलोपार्जित घर आहे. ते वर्षभर बंद असते, फक्त चवथीला (गणेश चतुर्थीला) उघडते. दीड वर्षापूर्वी सासरे वारले आणि तेव्हापासून यजमानांनी ध्यास घेतला आहे, की फोंड्यातला फ्लॅट विकावा, त्या पैशांत मांद्र्याचे घर दुरुस्त करावे आणि सर्वांनी तिथेच राहायला जावे. मुलांना मोकळे अंगण मिळेल, मुलाची वारंवार होणारी घरघर समुद्राच्या हवेने बरी होईल आणि दोन खोल्या पर्यटकांना दिल्या तर घरखर्चाला हातभार लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे. सासूबाई या विषयावर काहीच बोलत नाहीत. पत्राच्या शेवटी या भगिनी लिहितात, "घर त्यांचे, गाव त्यांचे, तेव्हा निर्णयही त्यांचाच असायला हवा हे मला कळते, पण मन तयार होत नाही. समुद्राकाठचे बालपण मुलांना मिळत असताना मी नको म्हटले, तर मी त्यांच्या आड येते आहे असे होईल का?"

उत्तर :

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. नाही, तुम्ही मुलांच्या आड येत नाही. ज्या घरात दीड वर्षाचे मूल रात्री उठते, पाच वर्षांच्या मुलाला अधूनमधून धाप लागते आणि महिन्याच्या २० तारखेच्या आत दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात, त्या घराचे रोजचे गणित तुम्हाला इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. मन तयार होत नाही याचे कारण बहुधा हेच असावे, की त्या गणितातल्या काही गोष्टी मांद्र्याच्या बेतात अजून कोणी मोजलेल्याच नाहीत.

"घर त्यांचे, तेव्हा निर्णय त्यांचा" हे तुमचे गृहीतक गोव्यात तर मुळीच टिकत नाही. आपल्याकडे कौटुंबिक मालमत्तेच्या बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था चालते. लग्नापूर्वी तुम्ही दोघांनी वेगळा करार केलेला नसेल आणि विवाह गोव्यात नोंदलेला असेल, तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक धरली जाते आणि वारशाने आलेला वाटाही त्यात मोडतो. स्थावर मालमत्ता विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. या सहीच्या जोरावर यजमानांना अडवा, असे मी सुचवत नाही. पण ज्या कागदावर तुमची सही लागणार आहे, त्यामागच्या विचारातही तुम्ही पहिल्या दिवसापासून असायला हव्यात, आणि हे त्यांनाही शांतपणे सांगायला हवे.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे वळते. तुम्ही ते सहज लिहिले आहे, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. हा ध्यास सासरे गेल्यानंतर सुरू झाला. त्याआधी अनेक वर्षे घर बंदच होते आणि समुद्रही होता तिथेच होता. तेव्हा यजमानांना तिकडे जाऊन राहावेसे वाटले नव्हते. वडील गेल्यावर त्यांच्या घराचे दार आपण उघडे ठेवावे, तिथल्या तुळशीपुढे रोज दिवा लागावा, असे मुलाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्या इच्छेचा मान राखलाच पाहिजे. मात्र ही इच्छा "मुलांना मोकळी हवा मिळेल" या वाक्यात लपून आली, की तिच्यावर मोकळेपणाने बोलता येत नाही. मग तुम्ही शाळेचे आणि पगाराचे मुद्दे काढता, त्यांना वाटते की आपल्या वडिलांच्या घराला ही नको म्हणते आहे, आणि दोघेही दुखावतात. म्हणून चर्चा कौले, रंग आणि खर्च यांपासून सुरू करू नका. बाबांची आठवण येते का, त्या घरात नेमके काय हरवल्यासारखे वाटते, हे एकदा विचारा. कदाचित त्यांना मांद्र्यात राहायला जायचे असेल. कदाचित ते घर पडू नये, एवढेच हवे असेल. या दोन इच्छांमध्ये पुष्कळ अंतर आहे आणि दुसरी पुरी करायला फ्लॅट विकावा लागत नाही.

मुलाच्या घरघरीचा प्रश्न यापासून पूर्ण वेगळा काढा, कारण तो घर बदलून सोडवायचा प्रश्न नाही. पाच वर्षांपर्यंतच्या अनेक मुलांना सर्दीच्या विषाणूंमुळे घरघर होते आणि वय वाढेल तशी ती कमी होत जाते. काहींच्या बाबतीत मात्र तो दमा असतो आणि त्याला नियमित उपचार लागतात. या दोहोंतले काय आहे हे बालरोगतज्ज्ञच सांगू शकतील. समुद्रावरचा वारा धूर आणि धूळ कमी असल्याने मोकळा वाटतो, हे खरे. परंतु मूल रात्रभर श्वास घेते तो घरातल्या हवेचा. वर्षानुवर्षे बंद राहिलेले चिऱ्यांचे जुने घर पावसाळ्यात ओल धरते, भिंतींवर आणि कपाटांमागे बुरशी येते, गाद्यांमध्ये सूक्ष्म किडे वाढतात. बुरशीचे कण आणि हे किडे या दोन्ही गोष्टी दम्याच्या मुलाला त्रास देणाऱ्यांत अग्रभागी आहेत. फोंड्यात पाऊस कमी पडतो असे अजिबात नाही, उलट सह्याद्रीकडे जावे तसा तो वाढतोच. फरक आहे तो वापरात असलेल्या, वारा खेळणाऱ्या घराचा आणि बंद घराचा. शिवाय एखाद्या रात्री धाप वाढली, तर फोंड्यात उपजिल्हा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. मांद्र्याहून तुयेचे आरोग्य केंद्र जवळ आहे, पण म्हापशाचे जिल्हा रुग्णालय गाठायला वीसेक किलोमीटर जावे लागते आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) त्याच्याही पुढे. १०८ ची रुग्णवाहिका येते, हे खरे. पण ऐन पावसात अरुंद रस्त्यांवरून ती किती वेळात पोहोचेल, हे तिथे राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांना विचारून घ्या.

समुद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डिसेंबर येतो. आपण चवथीला जातो, नाताळच्या सुट्टीत जातो, एखाद्या रविवारी मुलांना वाळूत खेळवतो, आणि त्या दिवसांवरून उरलेल्या वर्षाची कल्पना करतो. जून ते सप्टेंबर या काळात मात्र समुद्रात उतरण्याची सोय नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. जीवरक्षक लोकांना पाण्यापासून दूर ठेवण्याच्याच कामात असतात, कारण खेचून नेणारे प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही परतू देत नाहीत. तेव्हा वर्षातले चार महिने समुद्र मुलांसाठी फक्त दुरून पाहण्याचा असतो. या चार महिन्यांत घराच्या लोखंडी गजांना, बिजागऱ्यांना आणि पंपाला खारा वारा गंज चढवतो, वीज जाते आणि तिच्याबरोबर इंटरनेटही जाते. यांतले सगळे अडथळे निभावता येण्यासारखे आहेत. किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ते निभावत आली आहेत. फक्त त्यांना ठाऊक असते की आपण काय निभावतो आहोत, आणि मे महिन्यातच त्यांची पावसाळ्याची बेगमी झालेली असते. तुमचे काम तर विजेवर आणि इंटरनेटवर चालते. इन्व्हर्टर आणि दुसरी जोडणी हा खर्च दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात धरला आहे का, हे पाहा.

लहान मुलांच्या पालकांना मी नेहमी सांगते, की समुद्राइतकीच घराच्या आवारातली विहीर आणि दारासमोरचा रस्ता यांची काळजी करा. दीड वर्षाची मुलगी किनाऱ्यावर एकटी जाणार नाही. अंगणातल्या विहिरीपर्यंत मात्र ती अर्ध्या मिनिटात पोहोचेल. कठडा उंच असावा आणि तोंडावर जाळी असावी. रस्त्याचेही तसेच. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्याचे रूप झपाट्याने पालटले. भाड्याच्या दुचाकी आणि गाड्या हंगामात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यातून सतत धावत असतात. यजमानांना आठवणारे मांद्रे, जिथे मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर रस्त्यावर खेळत, ते काही वाड्यांवर अजून आहे आणि काही ठिकाणी उरलेले नाही. तुमचे घर यांपैकी कोणत्या वाड्यावर आहे, हे जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी रात्री तिथे मुक्काम केला तर समजेल. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद असावेत असा नियम आहे. तो तुमच्या वाड्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे अंथरुणावर पडूनच कळते.

पर्यटकांना खोल्या देण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या बेताचा सगळा भार तुमच्यावर पडणार आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. ते अवघड नाही. अवघड आहे ते त्यानंतरचे. यजमान कुंडईला, सासूबाई वयस्क, मग पाहुण्यांना चावी कोण देणार, चादरी कोण बदलणार, सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्री अकराला "पाणी आले नाही" म्हणणारा फोन कोण घेणार? ही एक पूर्ण वेळची नोकरी आहे आणि ती दोन लहान मुले व तुमचे सध्याचे काम सांभाळून तुम्हाला करावी लागेल. दुसरी गोष्ट अशी, की पाहुणे मुख्यतः येतात ते ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे ज्या महिन्यांत समुद्र शांत असतो, अंगणात बसावेसे वाटते आणि ज्या मोकळेपणासाठी मुलांना तिकडे न्यायचे, नेमक्या त्याच महिन्यांत निम्मे घर आणि सगळे अंगण परक्यांच्या स्वाधीन असेल. याचा अर्थ खोल्या देऊच नयेत असा नाही. पण पहिल्या दोन वर्षांचे घरखर्चाचे गणित त्या उत्पन्नाशिवाय जुळते का, ते मांडून पाहा. जुळत नसेल, तर तो बेत अजून पिकलेला नाही.

यजमानांच्या प्रवासाचेही तसेच. मांद्रे ते कुंडई हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. रोज दोन्ही वेळा मिळून तीन तास तरी रस्त्यावर जातील आणि पाळी बदलती असेल तर रात्रीही जातील. मुलांना समुद्र मिळावा म्हणून ज्या घरात जायचे, त्या घरात सोमवार ते शनिवार त्यांना वडील झोपेतच भेटणार असतील, तर मुलांनी कमावले किती आणि गमावले किती? माझ्या मते साऱ्या बेतातला हा सर्वांत कच्चा दुवा आहे. म्हापसा किंवा तुयेच्या बाजूला नोकरी मिळण्याची शक्यता यजमानांनी खरोखर तपासली असेल, तर माझे म्हणणे बदलेल.

शाळेबाबत मला फार काळजी वाटत नाही. पेडणे तालुक्यात मराठी प्राथमिक शाळा आहेत, काहींत पटसंख्या रोडावली असल्याने दोन-तीन वर्ग एकत्र बसतात. चांगला शिक्षक असेल तर लहान वर्गात मूल उलट अधिक फुलते. पहिलीसाठी वयाची सहा वर्षे पूर्ण असावीत अशी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अपेक्षा आहे, तेव्हा तुमच्या मुलाच्या बाबतीत हा निर्णय येत्या वर्षभरात घेणे सोयीचे, एवढे मात्र खरे. शाळा निवडताना इमारत पाहू नका, शिक्षकांशी बोला आणि सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभ्या असलेल्या आयांशी बोला.

कागदपत्रांचे काम चर्चेच्या बरोबरीनेच सुरू व्हायला हवे. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, आज कोणाची नावे आहेत? घर सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर होते की अजून आजोबांच्या नावावर आहे? तसे असेल तर सासऱ्यांच्या भावंडांचे आणि त्यांच्या मुलांचे वाटे त्यात आहेत, आणि इन्व्हेंटरी (वारसांचे वाटे ठरवणारी न्यायालयीन प्रक्रिया) होऊन वाटण्या ठरेपर्यंत तुम्ही दुसऱ्याच्याही मालकीच्या छपरावर स्वतःचे पैसे घालत असाल. सासूबाईंचा स्वतःचा हिस्सा आहे, तो वेगळाच. घराला मुंडकार (मालकाच्या जमिनीवर राहण्याचा कायदेशीर हक्क असलेला रहिवासी) लागलेला आहे का, तेही पाहा. भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या आत, किंवा खाडीच्या काठी असाल तर तिथल्या मर्यादेत घर येत असेल, तर मोठ्या दुरुस्तीला किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते. पंचायतीचा दाखला तेवढा पुरत नाही. एखाद्या अनुभवी वकिलाकडून हे सारे तपासून घेतल्याशिवाय फ्लॅटच्या विक्रीचा विषय काढू नये, असे मी ठामपणे सांगेन. वाटण्यांवरून चुलत भावंडांत निर्माण होणारे वितुष्ट मुलांच्या कानांवर रोज पडत राहते, आणि त्यावर समुद्राचा काही इलाज चालत नाही.

आणि सासूबाई. त्या बोलत नाहीत असे तुम्ही लिहिता, पण त्यांना कोणी विचारले आहे का? लग्न होऊन त्या त्याच घरात आल्या असतील, तर तुमच्या कुटुंबात त्या घरात सलग पावसाळे काढलेली ती एकच व्यक्ती आहे. कोणती भिंत गळते, मे महिन्यात विहिरीचे पाणी खारट होते का, आजारी मुलाला घेऊन त्या काळी कुठे जावे लागे, हे त्यांना माहीत आहे. आपण बोललो तर मुलगा आणि सून यांच्यात वाद होईल, या भीतीने कदाचित त्या गप्प असतील. किंवा फोंड्यातल्या आपल्या भजनी मंडळातून आणि रोजच्या देवळाच्या वाटेवरून उठून, नवऱ्याशिवाय त्या घरात परत जाणे त्यांना झेपणार नसेल. उलटेही असू शकेल, की जावे असे त्यांना मनापासून वाटते आणि सुनेला अडचण नको म्हणून त्या बोलत नाहीत. दुपारी मुले झोपल्यावर, यजमान घरी नसताना, तुम्ही एकटीने त्यांच्याजवळ बसा. निर्णय विचारू नका, त्या घरातले पहिले वर्ष कसे गेले ते विचारा.

या सगळ्यानंतर माझा सल्ला असा, की जायचे की नाही हे आज ठरवू नका. एक पावसाळा तिथे राहून मग ठरवा. फ्लॅट विकू नका आणि भाड्यानेही देऊ नका. एप्रिलमध्ये कौले परतून घ्या, दोन खोल्या आणि न्हाणीघर एवढेच राहण्याजोगे करा, भिंतींची ओल तपासा. मे महिन्यात यजमानांनी एकट्याने पंधरा दिवस मांद्र्यात राहून तिथून कुंडईला ये-जा करावी. त्यांना ते झेपले आणि डॉक्टरांनी मुलाबाबत हरकत घेतली नाही, तरच जूनच्या मध्यापासून चवथीपर्यंत सर्वांनी तिथे राहावे. बालवाडीतल्या मुलाचे एवढ्याने फारसे नुकसान होत नाही. जाण्यापूर्वी दोघांनी मिळून कागदावर लिहून ठेवा, की काय घडले तर आपण परत येऊ: मुलाची घरघर वाढली तर, तुमची विवरणपत्रे वीज नसल्याने दोन महिने लांबली तर, किंवा यजमान आठवड्यातून चार दिवस मुले झोपल्यावर घरी पोहोचले तर. आधी लिहिलेले असले, की नंतर कोणालाही हरल्यासारखे वाटत नाही.

तिथे राहून उत्तर "हो" आले, तर मला आनंदच होईल. हिवाळ्यात पहाटे वाळूवर रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढणारी माणसे, मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी सागरी कासवे, देवळापुढे रात्रभर रंगणारे दशावतारी नाटक आणि चार घरांतून मुलाला नावाने हाक मारणारी माणसे, हे सारे खरेच मोलाचे आहे, आणि पेडण्यात ते तुमच्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत मिळेल. उत्तर "नाही" आले, तरी दुरुस्त केलेल्या दोन खोल्या वाया जात नाहीत. मे महिन्याची सुट्टी, चवथ, शिगमा आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवार तिथे घालवले, तर घर उघडे राहते, सासऱ्यांची आठवण राहते आणि फोंड्यातले आयुष्यही मोडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांना अखेर हीच व्यवस्था मानवते.

पुण्या-मुंबईहून किंवा बेळगावहून मुलाबाळांसह किनाऱ्यावर येऊ पाहणाऱ्या वाचकांचीही पत्रे येतात; त्यांच्याकडे तुमच्या यजमानांसारखे हक्काचे घर नसते, म्हणून त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भाडेकरार करताना हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मे या काळात, घर रिकामे करावे लागणार नाही असे करारात लिहून घ्या, कारण त्या महिन्यांत पर्यटकांकडून मिळणारे भाडे घरमालकाला मोह घालते. भाडेकरूची पोलिसांकडील पडताळणीही वेळेत करून घ्या. आणि पहिले घर जून महिन्यात पाहायला या. पावसात जे घर पसंत पडेल, ते डिसेंबरमध्ये नापसंत होण्याची शक्यता कमी.

तुमच्यापुरते सांगायचे, तर सासूबाईंशी बोलणे आणि उताऱ्याची प्रत काढणे ही कामे या महिन्यात होऊ द्या. डॉक्टरांची भेट मात्र यांतल्या कशासाठीही थांबवू नका. ती याच आठवड्यात घ्या आणि यजमानांनाही सोबत न्या, म्हणजे समुद्राच्या हवेबद्दलचा प्रश्न ते स्वतःच डॉक्टरांना विचारू शकतील.